खालच्या शेताची मुळं

चोवीस पिशव्यांची ओळख मी एका दुपारी पुसून टाकली, आणि तीही अतिशय सुंदर अक्षरात.

झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत गव्हाच्या रोगांची तपासणी होते. शेतातून रोपं मुळांसकट, ओल्या मातीच्या गोळ्यासकट पिशवीत भरून येतात आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते: कुठलं शेत, कुठला कोपरा, तारीख. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेल्या माणसाला पेन्सिल म्हणजे तिसरीतली वस्तू वाटते. मी खिशातलं नवं शाईचं पेन काढलं आणि चोवीस चिठ्ठ्या अशा लिहिल्या, की त्या चौकटीत लावाव्यात. बियाणे केंद्रापासून प्रयोगशाळेपर्यंत तीन तासांचा रस्ता, त्यातला निम्मा खड्ड्यांचा. पिशव्या उघडल्या तेव्हा प्रत्येकीत एक निळा लगदा होता. बारा पिशव्या खालच्या शेतातल्या, बारा वरच्या शेतातल्या. कोणती कुठली, हे आता फक्त त्या रोपांनाच ठाऊक.

सरळ माणसाने जाऊन सांगितलं असतं. मी नवा होतो, कंत्राटावर होतो आणि त्या दिवशी साहेबांचं डोकं दुखत होतं. गाडीतून उतरवल्या त्या क्रमाने आठवून मी पिशव्यांना आकडे घातले. आठवून म्हणजे अंदाजाने. अंदाजाने म्हणजे डोळे मिटून.

ज्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं, त्या बाई तेव्हा पलीकडच्या खोलीत नळाखाली चाळणी धरून उभ्या होत्या.

त्यांना सगळे ताई म्हणत. पाठीमागे चाळणीताई. एकतीस वर्षं त्यांनी मुळं धुतली होती. गव्हाचं मूळ धुणं म्हणजे भाजी धुणं नव्हे; माती निघाली पाहिजे आणि केसाएवढं बारीक मूळ तुटता कामा नये. जे शोधायचं ते त्या केसातच असतं. थंडीच्या दिवसांत, गार पाण्यात, बोटांनी हलकेच. त्यांच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या असत आणि त्यांत काळी रेघ भरलेली असे, ती साबणाने जात नसे. गुडघा एक गेलेला, दुसरा जाण्याच्या मार्गावर. मधूनच त्या टेबलाला हात टेकून डोळे मिटत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी आठवतायत. आठवत काही नव्हत्या, उभ्याउभ्या विश्रांती घेत होत्या.

त्या या कामात शिरल्या त्या केंद्रावर रोजंदारीने तण काढायला. मग बाटल्या धुवायला इकडे प्रयोगशाळेत आणलं. मग कुणा जुन्या साहेबांनी एकदा गंमत म्हणून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला दिला. ताईंनी लावला आणि विचारलं, "हे द्राक्षाच्या घडासारखं काय आहे?" साहेबांना तो घड दिसलाच नव्हता. तेव्हापासून साहेब बदलत गेले, नऊ झाले. ताई त्याच खुर्चीवर राहिल्या. प्रत्येक नव्या साहेबाला तो घड त्यांनीच दाखवला. अहवालावर सही मात्र ज्याची त्याची.

तो घड म्हणजे मुळात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचे बीजाणू. तो जीव स्वतः गव्हाचं फारसं वाकडं करत नाही, पण विषाणू आपल्यासोबत घेऊन फिरतो. माती ओली आणि गार असली की तो मुळात शिरतो, पाठोपाठ विषाणू शिरतो आणि पानांवर फिकट पिवळ्या रेघा उमटतात. ऊन तापलं की रेघा पुसट होत जातात. माणसाला वाटतं, गेला रोग. रोग कुठेही जात नाही. बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि त्यांच्यावर औषध नाही. माती जिथे जाईल, तिथे ते जातात: चाकाला चिकटून, नांगराला चिकटून, माणसाच्या बुटाला चिकटून.

आणि नेमकी मातीच हलणार होती.

केंद्राचं खालचं शेत ओढ्याकडे उतरतं. तिथे पाणी साचतं आणि तीन वर्षं तिथला गहू थंडीत पिवळा पडत होता. ताई तीन वर्षं सांगत होत्या, हा मातीतला विषाणू आहे. साहेब तीन वर्षं सांगत होते, नत्र कमी पडतंय, युरिया टाका. दोन वर्षं विषाणू ओळखायचं सीरमच आलं नाही, म्हणून वाद तसाच राहिला. यंदा सीरम आलं, पण सोबत वरून मंजुरीही आली: गहू कापला की यंत्राने दोन्ही शेतं एका पातळीत आणायची. म्हणजे वरची माती खाली, खालची वर. वरच्या शेतातल्या बारा तुकड्यांत बियाण्याचा गहू होतो, तो शेकडो गावांत जातो. एकदा ती माती मिसळली, की निवडून वेगळी करणारी चाळणी अजून कुणी बनवलेली नाही. ताईंच्या निवृत्तीला दोन महिने होते. अहवाल यायचा तर आताच, नाहीतर पिवळेपण ओळखणारं माणूस घरी आणि यंत्र शेतात.

नमुने आणायला त्या स्वतःच जायच्या. पण आदल्या दिवशी त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, दिवसभर गावाबाहेर राहणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी मला पाठवलं. "एवढं एकच काम नीट कर," म्हणाल्या होत्या.

तपासणी दोन दिवसांची असते. पानं खलात कुटायची, रस गाळायचा, पारदर्शक प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत थेंब सोडायचे, सीरम घालायचं, धुवायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी ज्या खळग्यात विषाणू असतो तो पिवळा होतो. नऊ खळगे पिवळे झाले. माझ्या आकड्यांप्रमाणे चार खालच्या शेतातले आणि पाच वरच्या.

साहेबांचा चेहरा उजळला. ते वाईट गृहस्थ नव्हते. बदलीची वाट पाहून दमलेले होते. "दोन्हीकडे आहे म्हणजे प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "मिसळून मिसळून काय बिघडणार? ताई, तुमचंही खरं झालं. विषाणू आहे! घे रे लिहून."

ताई प्लेटकडे बघत राहिल्या. "वरच्या शेतात पाच?"

"प्लेट खोटं बोलते का, ताई?"

"प्लेट नाही बोलत," ताई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

मी संगणकापुढे बसलो. 'दोन्ही शेतांत प्रादुर्भाव आढळला' एवढं लिहून झालं आणि पुढची ओळ होती, 'सपाटीकरणास हरकत नाही.' तिथे माझी बोटं अडली. मी काही मोठा सत्यवादी नाही. शाळेत गृहपाठ दर दोन दिवसांनी घरी विसरायचो. पण पलीकडच्या खोलीतून नळाचा आवाज येत होता, एकसारखा, आणि तो मला ऐकवेना.

आत जाऊन सगळं सांगितलं. शाई, लगदा, अंदाज.

ताईंनी नळ बंद केला. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पंडित," त्या म्हणाल्या. मला त्या पंडित म्हणत, त्यात कौतुक अजिबात नव्हतं. "पेन कुठल्या रंगाचं होतं?"

"निळं."

"तरीच. परवा बशीत निळं पाणी उतरलं, तेव्हा मला वाटलं डोळे गेले माझे. डॉक्टरकडे जायचं ठरवलं होतं मी." मग स्टुलावर बसल्या. बसल्या म्हणजे अंग टाकलंच. "तीन वर्षं, रे. तीन वर्षं."

एवढंच. पाच मिनिटांनी उठल्या, साडी खोचली आणि साहेबांच्या दारात जाऊन म्हणाल्या, "साहेब, चिठ्ठ्या भिजल्या होत्या. हा निकाल धरता येणार नाही. नमुने परत घ्यावे लागतील."

चिठ्ठ्या भिजल्या होत्या. कुणी भिजवल्या, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. मी दाराआड उभा राहून माझं नाव शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं.

"आता?" साहेब म्हणाले. "सीरम एका प्लेटपुरतं उरलंय. गाडी पाच दिवस बाहेर. आणि ऊन बघा कसं चढतंय."

"बघितलंय," ताई म्हणाल्या.

त्या पाच दिवसांत एकदा मी त्यांच्या घरी गेलो, सासूबाईंसाठी दवाखान्यातली चालण्याची काठी पोहोचवायला. दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचे यजमान डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसले होते. घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद करून त्यांनी खिडकीत आणलं होतं, कारण दुकानाचं भाडं निघेल इतकी घड्याळं आता बिघडत नाहीत, किंवा बिघडली तर लोक फेकतात. भिंतीवर सात घड्याळं आणि सातांत सात वेळा.

"आमच्या दोघांचे चष्म्याचे नंबर जुळले, बाकी काही नाही," ते मला म्हणाले. "हिला मुळं दिसतात, मला चाकं. समोर ठेवलेला चहा दोघांनाही दिसत नाही."

"ऐकू पण येत नाही," आतून सासूबाई ओरडल्या. "मी केव्हाची हाक मारतेय!"

ताई उठल्या, सासूबाईंना धरून न्हाणीघरात घेऊन गेल्या, परत आणून निजवलं, पायाशी उशी दिली, भांड्यातलं पाणी बदललं. सकाळपासून पाचव्यांदा, असं यजमानांनी मोजून सांगितलं. मग माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, "पंडित, ऊन थांबवता येतं का बघ की जरा. तू शिकलेला."

ऊन थांबलं नाही. सहाव्या दिवशी आम्ही केंद्रावर पोहोचलो तेव्हा खालचं शेत वरच्यासारखंच हिरवंगार होतं. मी बांधावर उभा राहून एकेक ओळ बघत गेलो. एक पान पिवळं नव्हतं.

केंद्राचा मुकादम कमरेवर हात ठेवून आला. "काय बाई, पळाला का तुमचा रोग?"

"तुम्हाला बघून पळाला," ताई म्हणाल्या. "खुरपं द्या."

"कशाला जिवाला त्रास करून घेताय? दोन महिने राहिले ना तुमचे? आरामात बसा. यंत्र आलं की सगळं एकसारखं होईल, पाणी साचायचं नाही, रोगही नाही."

"एकसारखं होईल खरं," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी जे केलं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. बांधावरून खाली उतरल्या, दुखरा गुडघा बाजूला टाकून ओल्या जमिनीवर बसल्या आणि मान वाकडी करून गव्हाच्या माथ्यावरून नजर सोडली. जशी सुताराने फळीची सरळ धार बघावी तशी. मलाही खाली बसवलं. "रंग गेला, उंची कुठे जाईल?" आणि मला दिसलं. पीक सपाट वाटत होतं, ते सपाट नव्हतंच. जागोजाग चार बोटं बसलेलं होतं, निजलेल्या अंथरुणात खळगा पडतो तसं. थंडीत ज्यांना आत विषाणू घेऊन वाढावं लागलं, ती रोपं हिरवी झाली, पण मागे पडली ती पडलीच.

"तिथून घे," त्या म्हणाल्या. "उपटायचं नाही. खणायचं. पानं जाऊ देत, मूळ आण. विषाणू आता वर कमी आहे, खाली अजून आहे."

दुपारपर्यंत आम्ही खणत होतो. खालच्या शेतातून बारा, मग बूट आणि खुरपी उकळत्या पाण्यात धुऊन वरच्या शेतातून बारा. आम्हाला बूट धुताना बघून मुकादम हसला. ताईंनी त्याच्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं, तो वरच्या शेताच्या तोंडाशी उभा होता आणि त्याच्या चाकांत ओढ्याकडची काळी माती वाळली होती. "ही चाकं कधी धुतलीत?"

"पाऊस धुतो की."

ताईंनी खुरपं उचललं. ट्रॅक्टर जिथे वळतो, त्या कोपऱ्यातून स्वतःच्या हाताने बारावं रोप खणलं.

परतल्यावर चोवीस बादल्या मांडल्या. प्रत्येक नमुना वेगळ्या बादलीत भिजवायचा, वेगळ्या पाण्यात धुवायचा, नाहीतर एकाचे बीजाणू दुसऱ्यात जाऊन पुन्हा माझ्या शाईसारखी गत. घाण पाणी गटारात सोडायचं नाही, पिंपात साठवून उकळायचं. बारा त्यांच्या, बारा माझ्या, असं ठरलं. पाण्यात हात घातला की पहिली दोन मिनिटं दुखतं, मग दुखायचं थांबतं आणि ते जास्त वाईट असतं, कारण बोट किती जोरात दाबतंय ते कळत नाही. माझी पाचवी होईतो ताईंची आठवी झाली होती. त्यांच्या हाताला घाई नव्हती. न थांबणं एवढंच होतं. माझ्या अकराव्या बादलीनंतर मी भिंतीला टेकून जरा बसलो, आणि डोळे उघडले तेव्हा माझी बारावी बादली रिकामी होऊन पालथी पडली होती. मूळ बशीत पसरलेलं होतं, एक केस न तुटलेलं.

"ताई, ती माझी होती."

"मग? तू घोरत होतास, तिने किती वेळ थांबायचं?"

"माझ्यावर एक बादली राहिली."

"राहिली तर राहिली. आता भिंग पूस."

रंग दिलेली मुळं काचेवर ठेवून त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत गेल्या. मी चिठ्ठ्या वाचत गेलो. खालचं, एक: "आहे." खालचं, दोन: "आहे." तीन: "नाही." चार: "आहे. भरपूर." त्यांचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. मध्ये दोनदा खुर्ची मागे सारून त्या तळव्यांनी डोळे दाबून बसल्या. वरच्या शेताचे अकरा नमुने: नाही, नाही, नाही. बाराव्याला त्या थांबल्या. काच सरकवली, परत मागे घेतली. मग मला म्हणाल्या, "बघ."

बघितलं. आधी नुसता गोंधळ. मग मुळाच्या एका पेशीत अगदी बारीक, तपकिरी घड.

"ट्रॅक्टरचा कोपरा," मी म्हणालो.

"हं." त्यांना आनंद झाला नाही. मला वाटलं होतं, आता तरी होईल. "घड म्हणजे विषाणू नव्हे. प्लेट होऊ दे."

उरलेलं सगळं सीरम त्या प्लेटला गेलं. चुकायला जागाच नव्हती, म्हणून मुळांच्या रसाचे थेंब ताईंनी सोडले आणि मी फक्त आकडे मोठ्याने म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी खालच्या शेताचे आठ खळगे पिवळे झाले. वरच्या शेताचा एक. तोच.

साहेबांनी प्लेट उजेडात धरून पिवळे खळगे मोजले. "ताई, हे मी वर पाठवलं तर मंजूर झालेला पैसा परत जाईल. मला विचारतील, तीन वर्षं काय करत होतात."

"युरिया टाकत होतो म्हणा," ताई म्हणाल्या.

मी हसू दाबायला बाहेर बघितलं. साहेबांनीही डोळे मिटले, पण रागाने नव्हे. आमच्या खात्यात दमलेल्या माणसांना एकमेकांचा फार राग येत नाही. त्यांनी खुर्चीत बसून विचारलं, "तुमची खात्री आहे?"

"चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्यात. आणि साहेब, खालच्याबरोबर वरचा तो एक तुकडाही गव्हातून काढा. तिथे दुसरं काहीतरी लावा. ट्रॅक्टर धुवायला पाण्याची टाकी द्या. बाकी अकरा तुकडे अजून चांगले आहेत. अजून."

साहेबांनी सही केली. शेवटी स्वतःच्या समाधानासाठी एक ओळ घातली: 'नत्राची कमतरता हेही एक कारण संभवते.' ताईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "राहू द्या. यंत्र थांबतंय ना?"

यंत्र थांबलं. म्हणजे आलं, चार दिवस बांधाशी उभं राहिलं आणि मग कागद पोहोचल्यावर दुसऱ्या केंद्रावर गेलं. मंजुरी रद्द नाही, 'पुढील आदेशापर्यंत स्थगित' आहे. टाकी मात्र आली. मुकादम चाकं धुतो का, हे बघायला मी महिन्यातून एकदा जातो. कधी धुतलेली असतात. कधी तो म्हणतो, आत्ताच वाळली.

ताई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण साहेबांनी केलं, त्यात त्यांनी 'अथक' हा शब्द तीनदा वापरला. ताई मागच्या रांगेत बसून झोपल्या होत्या.

परवा त्यांच्या घरी गेलो. यजमान खिडकीशी, सासूबाई काठी घेऊन दाराशी, ताई ओसरीवर पाय लांब करून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून. मी म्हटलं, "ताई, माझ्यावर एक बादली आहे तुमची. घरातलं काही धुवायचं असेल तर सांगा. चादरी द्या."

"चादरीवर फिटायचं नाही ते," त्या म्हणाल्या. "मूळ धुवायचं, तेही माझ्यासमोर. एक केस तुटला तर परत."

"आणतो पुढच्या थंडीत. खालच्या शेतातलंच."

"त्या मातीचा कण माझ्या दारात आणलास तर तंगडं मोडीन," त्या म्हणाल्या आणि पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली.

आता खालच्या शेताची माती न आणता खालच्या शेताचं मूळ कसं आणायचं, याचा विचार मी करतो आहे. बादली अजून राहिलीच आहे.